पातीच्या कांद्याची मुळं आणि दीडशे वर्षांचं पाणी



पातीचा कांदा हे असं पीक आहे की ज्याची मुळंसुद्धा बाजारात जातात. पोसलेल्या कांद्याची मुळं आपण रानातच छाटतो, पात कापतो, गोण भरतो. मुळाला काय झालं होतं ते गिऱ्हाईकाला कधी कळत नाही. पातीचं तसं नाही. पहाटे उपटायची, धुवायची, पेंडी बांधायची, की वर हिरवी पात आणि खाली पांढऱ्या मुळांचा झुबका. व्यापारी पेंडी उलटी करून आधी झुबका बघतो. मुळं तांबूस, लिबलिबीत दिसली की भाव पडला. वास आला तर पेंडी बाजूलाच काढून ठेवतो. ४५ ते ६० दिवसांचं पीक, पण त्याचा निकाल त्या झुबक्यावर लागतो.

दर पावसाळ्यात एकच प्रश्न येतो, "दादा, मुळकूज लागलीय, कुठलं औषध सोडू?" औषधाचं खाली लिहितोच. पण माझं मत असं आहे की सातारा-सांगलीत हा प्रश्न औषधाच्या आधी पाण्याचा आहे. आणि पाण्याचा म्हटला की तो माझ्या-तुमच्या रानापुरता राहत नाही, दीडशे वर्षं मागं जातो. आजची नोंद जरा लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधी कांद्याचं मूळ समजून घेऊ. कांद्याला सोटमूळ नसतं. बुडाच्या थाळीतून दोऱ्यासारखी मुळं सुटतात, त्यांना फारशा फांद्या फुटत नाहीत, केसमुळं जवळजवळ नसतात. बहुतेक सगळी मुळं वरच्या वीतभर ते फूटभर मातीत. जुनी मरत जातात, थाळीतून नवी येत राहतात. म्हणजे या पिकाला दम धरायला खोल जागाच नाही. वरच्या फूटभर मातीत हवा असेल तोवर ते जगतं. आता हवेत ऑक्सिजन ज्या वेगानं पसरतो, त्याच्या साधारण दहा हजारपट हळू तो पाण्यात पसरतो. काळ्या रानात सगळी पोकळी पाण्यानं भरली आणि दोन दिवस तशीच राहिली, की मूळ गुदमरतं. बुरशी नंतर येते. आपण नाव घेतो ते तिचं, कारण ती डोळ्याला दिसते.

यावर आपल्या भाषेत एक शब्द आहे, वाफसा. माती ओली आहे पण चिकटत नाही, मुठीत दाबली तर गोळा होतो आणि टिचकी मारली की फुटतो. पाणीही आहे, हवाही आहे. हा शब्द कुठल्या विद्यापीठानं दिलेला नाही, कुळवाच्या मागं चालणाऱ्यांनी दिलाय. मूळकुजीवर जगात जेवढं लिहिलं गेलंय त्यातलं निम्मं या एका शब्दात बसतं.

मग वाफसा ओळखणाऱ्या माणसांच्या रानात मुळं कुजायला लागली कधी?

मोटेच्या काळात बागाईत म्हणजे विहिरीभोवतीचा मळा. दोन बैल, कातडी मोट, धावेवर दिवसभर खाली-वर. जेवढं पाणी निघेल तेवढंच भिजणार. आमच्या घरची आठवण अशी, की कांदा, मेथी, कोथिंबीर यांना वेगळं रान कधी नसायचं. मिरचीच्या वरंब्याच्या बगलेला, पाटाच्या कडेला कांदा टोचायचा. आजी म्हणायची, कांद्याला पाणी दिसलं पाहिजे, पण त्याचे पाय भिजायला नकोत. आज आपण त्याला उंच वरंबा आणि निचरा म्हणतो. त्या काळात जास्त पाणी द्यायची सोयच नव्हती, हे कौतुकाच्या भरात विसरू नये. बैल दमले की पाणी संपलं. ती शिस्त गरिबीची होती. पण मुळांना ती मानवत होती.

दुसरं म्हणजे हंगाम. जुना कांदा आपल्याकडं मुख्यतः रब्बीचा, थंडी-उन्हाळ्यात वाढणारा. भर पावसाळ्यात कांदा घ्यायची चाल पुढं वाढली, निफाडचा एन-५३, मग पिंपळगाव बसवंतचा बसवंत ७८० अशी वाणं आली तशी. पावसाळी पातीला पैसे चांगले मिळतात, कारण तेव्हा माल कमी असतो. माल कमी का असतो? कारण कुजतो. हा व्यवहार ठरवून केलेला आहे, त्यात गैर काही नाही. पण पिकाला आपण त्याच्या अवघड महिन्यात उभं केलंय हे ध्यानात ठेवायला पाहिजे.

आता कालवे. कराडजवळ खोडशीला कृष्णेवर बंधारा घालून कृष्णा कालवा निघाला तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. तेव्हा जिल्हा एकच, सातारा. वाळवा, तासगाव, खानापूर सगळं त्यात. १९४९ ला दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० ला त्याचं नाव सांगली पडलं. म्हणून जुनी कागदपत्रं बघताना सांगलीवाल्यांनी साताऱ्याची पानं उघडायची असतात.

पाण्याबद्दल त्या काळातलं एक नाव घेतलंच पाहिजे. जोतीराव फुले. त्यांचं मूळ गाव कटगुण, आपल्या खटाव तालुक्यातलं. १८८३ च्या आसपास पुरा झालेला 'शेतकऱ्याचा असूड' आपण शेतकऱ्याच्या लुबाडणुकीचं पुस्तक म्हणून ओळखतो, आणि ते आहेच. पण त्यात कालव्याच्या पाण्यावर एक फार नेमकी सूचना आहे. प्रत्येक शेतकऱ्याला त्याच्या जमिनीच्या मानानं पाण्याची एकेक तोटी करून द्यावी, म्हणजे त्याला पाणी मिळेल आणि गरजेपेक्षा जास्त घेता येणार नाही, असा तिचा आशय. पाणी मिळत नाही ही तक्रार तर ते करतातच. त्याच दमात, जास्त घेता येऊ नये, हेही सांगतात. जमिनीच्या प्रमाणात मोजून पाणी. पाटाला दारं मोडून रान बुडवायच्या जमान्यात हा विचार करणारा माणूस किती पुढचं बघत होता! इंग्रज सरकारनं तोट्या काही बसवल्या नाहीत.

त्याचा परिणाम सगळ्यात आधी दिसला तो नीरेच्या खोऱ्यात. लोणंद-फलटणच्या समोर, नदीच्या पलीकडं, नीरेचा डावा कालवा १८८० च्या दशकात सुरू झाला. वीस-पंचवीस वर्षांत कालव्याखालच्या रानांवर पांढरी पापुद्री दिसायला लागली. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी व्ही. ए. तम्हाणे यांनी १९१० साली नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर अभ्यास छापला. गोष्ट सरळ होती. कालव्यातून झिरपलेलं आणि पिकाला जादा दिलेलं पाणी खाली जाऊन साठतं, जमिनीतली पातळी वर येते, क्षार घेऊन येते, आणि वरची माती आधी पाणथळ, मग चोपण होते. १९१६ साली मुंबई सरकारनं पाटबंधाऱ्याच्या अभ्यासासाठी एक खास विभाग काढला. खडकवासल्याची आजची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था त्यातूनच उभी राहिली. तिथले क्लॉड इंग्लिस यांनी दख्खनच्या कालव्यांखालच्या पाणथळ जमिनींवर बरीच वर्षं काम केलं. त्यांच्या कामातली आपल्या उपयोगाची गोष्ट ही, की आपल्या काळ्या मातीतून पाणी हळू सरकतं, ते खरं फिरतं खालच्या मुरमातून. म्हणून वरवर काढलेली चारी शोभेची ठरते. चर मुरमाला भिडला पाहिजे आणि नैसर्गिक ओघळीला धरून गेला पाहिजे.

हे वाक्य परत वाचा. शंभर वर्षं जुनं आहे आणि गेल्या पावसाळ्यात माझ्या शिवारात जे घडलं ते सगळं त्यात आहे. त्याकडं येतोच.

पाडेगावचं ऊस संशोधन केंद्र १९३२ चं. फलटणच्या बाजूला नीरेचा उजवा कालवा आला आणि उसाबरोबर जमिनीचाही अभ्यास तिथं झाला. जे. के. बसू आणि सिरूर यांनी कालव्याखालच्या जमिनींचे प्रकार पाडले, कुठली माती पाणी सोडते, कुठली धरून ठेवते. उसासाठी केलेलं हे काम कांदेवाल्यांनी कधी वाचलं नाही. वाचायला पाहिजे होतं, कारण ऊस पाणथळ रानात तग धरतो, कांदा धरत नाही. उसाला उतारा घटतो, कांदा सरळ मरतो. रान बिघडायला लागलंय याची पहिली वर्दी कांद्याच्या मुळाकडून मिळते.

याच काळात दुसरीकडं, कुठलाही कालवा न बघता, काही माणसं सूक्ष्मदर्शकातून कुजलेलं मूळ बघत होती. बिहारमध्ये पुसा इथं सरकारी शेती संस्था निघाली होती, तिथे एडविन बटलर नावाचा आयरिश माणूस. शिकला होता डॉक्टरकी, काम केलं झाडांच्या रोगांवर. १९०७ साली त्यानं पिथियम या बुरशीच्या कुळावर मोठा प्रबंध छापला. सुरतेकडच्या आल्याची कंदकूज त्याच कामात नोंदली गेली. कोरेगाव-साताऱ्याचे आलेवाले आणि सांगलीचे हळदवाले ज्या कंदकुजीला घाबरतात, तिच्या भारतातल्या अभ्यासाची सुरुवात ही. बटलर आयर्लंडचा, हे मला उगाच वाटत नाही. १८४५ ला तिथला बटाटा ज्या रोगानं सडला आणि लाखो माणसं उपाशी मेली, तो रोग पिथियमचा चुलतभाऊ. दोघांचीही गंमत एकच, त्यांचे बीजाणू पाण्यात पोहतात. शेपटी असते त्यांना, खरोखर पोहतात. मातीतली पोकळी पाण्यानं भरली की त्यांना रस्ता मिळतो. वाफशाच्या रानात पोहायला जागा नाही.

इथं एक व्यवहाराची गोष्ट सांगून टाकतो, नाहीतर पुढं राहील. पिथियम ही खरी बुरशी नाही, तिचं कूळच वेगळं. म्हणून कार्बेन्डाझिम तिच्यावर चालत नाही. आपल्याकडं रोप पिवळं पडलं की डोळे झाकून बाविस्टिन सोडायची सवय आहे. रोपवाटिकेत रोपं जमिनीलगत पिचून आडवी पडत असतील तर बहुतेक वेळा पिथियम असतो आणि ते पैसे पाण्यात जातात. पात शेंड्याकडून पिवळी पडतेय, झाड ओढलं की अलगद हातात येतंय, थाळी तपकिरी झालीय, तर फ्युजारियमची बुडकूज. मुळं गुलाबी-जांभळी होऊन सुकतात तो गुलाबी मूळ रोग. बुडाशी पांढरं कापसासारखं आणि त्यात मोहरीसारखे दाणे, तर स्क्लेरोशियम. चारही वेगळी आहेत. दुकानात जाण्याआधी एक झाड मातीसकट उपटून धुवून बघा, मग जा.

आणि हेही सांगतो, सगळंच पाण्यावर ढकलता येत नाही. फ्युजारियम आणि गुलाबी मूळ यांना गरम माती आवडते, आणि ती रानात वर्षानुवर्षं टिकून राहतात. पाणी त्यांना दार उघडून देतं, पण ती घरातच बसलेली असतात. कांद्यावर कांदा, लसणावर कांदा घेत राहिलात तर उत्तम निचऱ्याच्या रानातही ती भेटतील.

परत पाण्याकडं. कालव्यानं जे केलं ते पट्ट्यापुरतं होतं. खरा बदल पंपानं केला, आणि ती गोष्ट तर पूर्ण आपल्या मातीतली. १९१० साली औंधच्या राजांनी दिलेल्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना उभा केला, तीच किर्लोस्करवाडी. आज पलूस तालुक्यात. सुरुवातीला लोखंडी नांगर खपत नव्हते, लोखंडानं जमिनीला विष चढतं असं लोक म्हणायचे. मग नांगर खपले, पुढं पंपही तिथं तयार व्हायला लागले. स्वातंत्र्यानंतर वीज आली, १९६० च्या दशकात कोयना धरण झालं, मग धोम, वारणा. नदीकाठी सहकारी उपसा योजना झाल्या, साखर कारखाने झाले. कृष्णाकाठ हिरवा झाला. आमच्या पिढीची शिक्षणं, घरं, लग्नं या पाण्यावर झाली, त्याला नावं ठेवणाऱ्यातला मी नाही. दुष्काळी आटपाडी-जतच्या माणसाला विचारा पाण्याची किंमत.

पण बैल दमायचे, मोटर दमत नाही. लाईट येते रात्री, तीही आठवड्याचं वेळापत्रक लावून. मग स्टार्टरला ऑटो लावलेला, लाईट आली की मोटर आपोआप सुरू. माणूस घरी झोपलेला, पाणी रानात चाललेलं. पुढचा पाळा कधी येईल याचा भरवसा नाही म्हणून जो आलाय त्यात रान तुडुंब. शेतकऱ्याला अक्कल नाही म्हणून हे होत नाही. ज्याला पाण्याची वेळ ठरवता येत नाही तो वाफसा कसा सांभाळणार? फुल्यांची तोटी इथं आठवते. मोजून आणि वेळेवर, या दोन्हीतलं एकही नसेल तर माणूस मिळेल तेव्हा मिळेल तेवढं घेतो.

वाळवा, मिरज, पलूस या नदीकाठच्या तालुक्यांत पाणथळ आणि क्षारपड रानं वाढत गेली. मिरज तालुक्यातल्या कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रानं हळदीबरोबर या जमिनींवरही काम केलंय. जमिनीखाली तीन-चार फुटांवर छिद्रं असलेले पाइप घालून पाणी काढून द्यायचं, ही पद्धत त्या भागात शेतकऱ्यांनी करून बघितलीय. चालते. खर्च मोठा आहे, आणि एक मेख आहे. पाइपातून निघालेलं पाणी सोडायचं कुठं?

ती मेख जरा बाजूला ठेवून दोन सुधारणांचं सांगतो, कारण सगळा इतिहास बिघडण्याचाच नाही.

एक, तासगाव. श्रीपाद अच्युत दाभोलकर, साताऱ्याच्या दाभोलकर घरातले, नरेंद्र दाभोलकरांचे मोठे भाऊ. गणिताचे प्राध्यापक. त्यांनी प्रयोग परिवार नावानं शेतकऱ्यांचं जाळं उभं केलं आणि तासगावच्या द्राक्षवाल्यांबरोबर काम केलं. त्यांचा जोर मुळाच्या कक्षेवर होता. खत-पाणी किती ओतलं यापेक्षा पांढरी मुळी किती चालतेय ते बघा. द्राक्षवाला आज खड्डा उकरून पांढरी मुळी बघितल्याशिवाय पुढचं काम करत नाही. ही सवय कांद्याला तर जास्त लागू आहे, कारण आपला मालच मुळी आहे.

दोन, रुंद वरंबा. हैदराबादच्या इक्रिसॅटनं १९७० च्या दशकात काळ्या मातीसाठी रुंद वरंबा-सरीवर काम केलं. राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयानं ते कांद्याला बसवलं. वरंबा वर १२० सेंटीमीटर रुंद, १५ सेंटीमीटर उंच, मध्ये ४५ सेंटीमीटरची सरी, आणि वरंब्यावर ठिबकच्या दोन नळ्या ६० सेंटीमीटर अंतरानं. सरी पाणी द्यायला नाही, काढून द्यायला. हाच खरा उलटफेर आहे. आपल्या सपाट वाफ्यात पाणी यायला वाट असते, जायला नसते. सातारच्या आलेवाल्यांनी गादीवाफा आणि ठिबक मनावर घेतलं, कंदकुजीनं त्यांना घ्यायला लावलं. कांदेवाले अजून सपाट वाफ्यात बरेच आहेत. आणि ठिबक म्हणजे काय, तर प्रत्येक झाडाला मोजून दिलेली तोटी.

आता औषधांचा इतिहास, थोडक्यात. १८८५ ला फ्रान्समध्ये द्राक्षासाठी बोर्डो मिश्रण निघालं, मोरचूद आणि चुना. ते अजून चालतं. १९३२ ला अमेरिकेत वाइंडलिंग या संशोधकानं दाखवलं की ट्रायकोडर्मा ही बुरशी दुसऱ्या बुरशांना वेटोळं घालून खाते. १९७६ ला इस्रायलच्या काटान यांनी पारदर्शक प्लास्टिकखाली माती तापवून रोग मारायची पद्धत छापली. १९७७ ला मेटालॅक्झिल आलं, पिथियम आणि त्याच्या चुलतभावांवर नेमकं काम करणारं. १९८० च्या सुमारास युरोपात काही ठिकाणी बटाट्याच्या करप्यानं त्याला दाद देणं बंदही केलं. जे औषध एकाच जागी घाव घालतं, त्याला रोग लवकर वळसा घालतो.

पातीच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. माणूस पात कच्ची खातो, आणि पीक दीड-दोन महिन्यांचं. चाळिसाव्या दिवशी आळवणी केली आणि पन्नासाव्या दिवशी उपटली, तर ते औषध कुणाच्या ताटात गेलं? पोसलेल्या कांद्याला अडीच-तीन महिने हाताशी असतात, इथं नसतात. लेबलवर कांद्याचं नाव आहे का, काढणीआधी किती दिवस सोडायचेत, हे वाचल्याशिवाय बाटली उघडू नका. म्हणून मी म्हणतो, पातीच्या कांद्यात मुळकूज बरी करायची नसते, येऊ द्यायची नसते.

माझ्याकडं यंदाचं काम असं चाललंय. रोपवाटिकेची जागा एप्रिल-मे मध्ये भिजवून पारदर्शक प्लास्टिकखाली सहा आठवडे तापवणार. रोपाचे वाफे एक मीटर रुंद, १५ सेंटीमीटर उंच, बी ओळीत आणि विरळ, दाट रोपात हवा खेळत नाही. ट्रायकोडर्मा एकरी २ किलो, पूर्ण कुजलेल्या शेणखतात सावलीत आठ-दहा दिवस मुरवून. अर्धकच्चं शेणखत नको, ते मातीतला ऑक्सिजन खातं आणि वर बुरशीला खाऊ घालतं. ट्रायकोडर्मा सोडला की त्या आठवड्यात मोरचूद किंवा दुसरं बुरशीनाशक तिथं नाही, नाहीतर आपणच सोडलेलं आपणच मारतो.

गोल्टी लावून पात घेणाऱ्यांसाठी वेगळं सांगतो. चाळीत उरलेली, कोंब आलेली गोल्टी स्वस्त पडते, लवकर येते. पण बुडकूज गोल्टीतूनच रानात शिरते. लावणीआधी मूठभर गोल्टी घ्या आणि बुडाची थाळी विळ्यानं आडवी चिरून बघा. आत पांढरी पाहिजे. तपकिरी दिसली तर ती गोण लावायची नाही, कितीही स्वस्त असो. आणि ज्या तुकड्यात कांदा-लसूण झालाय तिथं मध्ये ज्वारी, गहू, मका. निदान दोन वर्षं.

हे सगळं माझ्या बांधाच्या आतलं. आता ती मेख.

माझ्या रानाच्या खालून एक ओघळ जायची. नकाशात आहे. वडिलांच्या लहानपणी पावसाळाभर ती वाहायची आणि दिवाळीला कोरडी व्हायची. गेल्या पंधरा-वीस वर्षांत प्रत्येकानं आपापल्या हद्दीत ती थोडी थोडी बुजवली. कुणी जेसीबीनं सपाट करून चार सऱ्या वाढवल्या, कुणी रस्ता केला, कुणी पाइप टाकला तो गाळानं भरला. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. चार सऱ्या ऊस कुणाला नको असतो? पण वरच्या पन्नास एकराचं पाणी जायचं तिथून. २०१९ ला आणि २०२१ ला महापूर आला तेव्हा नदीचं पाणी आठ-दहा दिवसांत ओसरलं, पण शिवारातलं पाणी त्यानंतरही कितीतरी दिवस उभं होतं. आता तर पूर नसला तरी सलग चार दिवस पाऊस झाला की रुंद वरंब्याच्या सरीतलं पाणी बाहेर पडत नाही, कारण बाहेरच पाणी आहे. माझा वरंबा १५ सेंटीमीटरचा. शिवाराच्या तळ्यात त्याला काय अर्थ?

विहीर एकट्याची असू शकते, ठिबक एकट्याचं असू शकतं. निचरा एकट्याचा होत नाही. इंग्लिसच्या काळात सरकारनं चर खोदले तेही गावाच्या शिवारातून, अनेकांच्या बांधातून. पाइप-निचऱ्याच्या योजनाही गटानं केल्या तरच चालतात, कारण शेवटच्या माणसाच्या रानातून नाल्यापर्यंत वाट लागतेच. पाणी आणायला आपण सोसायट्या काढल्या, सभासद केले, पाटकरी नेमले, पाणीपट्टी ठरवली. पाणी काढून द्यायला एकही सोसायटी आमच्या गावात नाही. ज्यांच्या रानात ओघळ बुजलीय त्यांना तोटा नाही, तोटा खालच्याला. वरच्याला सांगायला गेलं तर बांधाचं भांडण होतं.

आमच्याकडं ओघळ धरून सात जण आहोत. मे मध्ये मशीन लावून मुरमापर्यंत चर काढायचा, खर्च एकरावर वाटायचा, चराच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन फूट कुणी पेरायचं नाही, असं बोलणं चाललंय. पाच जणांनी होकार दिलाय, मी धरून. एकाचं म्हणणं आहे की त्याच्या सऱ्या जातात त्याचं काय, आणि ते रास्त आहे, त्याच्या वाट्याचा खर्च बाकीच्यांनी उचलायचा असं ठरतंय. सातव्याकडं रविवारी जायचंय. तुमच्याकडं असा चर कुणी मिळून काढला असेल, तर खोली किती ठेवली आणि दर पावसाळ्याआधी गाळ कोण काढतं, हे खाली जरूर लिहा. आमचं अजून त्या गाळावरच अडलंय.